वजनाच्या पोटातलं शिसं

१

पंढरी मरून बावीस वर्षं झाली होती, आणि मागल्या मंगळवारी तो पुन्हा एकदा चोर ठरला.

ठरवलं मोबाइलनं. चाकूरचा भागवत हा सैन्यात सुरुंग हुडकायचं काम करून निवृत्त झालेला गडी. आता स्वतःचं धातू शोधायचं यंत्र घेऊन शिवारात हिंडतो आणि कुणाचं खुरपताना पडलेलं डोरलं, कुणाचं जोडवं शोधून देतो. एका शेतात त्याला पितळी डबा सापडला, डब्यात शिशाचे तुकडे. त्यानं मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, ‘रझाकाराच्या गोळ्या असतील का?’ दुपारपर्यंत मुरुडच्या कुणा म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, ‘गोळ्या कशाच्या! बहात्तरच्या दुष्काळात वजनातून काढलेलं शिसं हाय हे. पंढरी शिसंचोराचं घबाड.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मुरुडमध्ये पंढरीच्या बायकोनं, सरजाबाईनं, दार लावून घेतलं. आणि नात लुंबिनी तिसऱ्या दिवशी लातूरला धुरपताबाईंच्या दारात उभी राहिली.

धुरपताबाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. गल्लीत कुणाचं काही हरवलं, कुणी कुणावर आळ घेतला, की पोलिसांच्या आधी यांचं दार वाजायचं. दाराला अडसर म्हणून दहा किलोचं एक जुनं लोखंडी वजन असायचं. ते पायानं सरकवून त्या म्हणाल्या, “ये. शाळेत असताना पण तू अशीच यायचीस, रडू दाबून.”

“बाई, आजी दोन दिस झाले जेवली न्हाई.”

“पोलीस आले होते का?”

“पोलीस आले असते तर बरं झालं असतं. त्यांना जा तरी म्हणता येतं. हे लोक तर घरात न येताच बोलून राहिले.” लुंबिनीनं रुमालाची गाठ सोडली. “भागवतकाकांकडून एक मागून आणलाय. आजी म्हणती, मरायच्या आधी एवढं कळू द्या, खरं कुणी केलं.”

धुरपताबाईंकडं बटणांचा साधा फोन. फोटो त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी तुकडा हातात घेतला. बोटाच्या दोन पेरांएवढा. मातीत राहून अंगावर पांढरी साय धरलेली. नखानं खरवडलं तसं खालून निळसर चमकलं. कागदावर ओढला, करडी रेघ उमटली. शिसंच. एका तोंडावर ठसा होता. बहात्तर साल, आणि शेजारी तिमाहीचं इंग्रजी अक्षर, सी.

त्यांच्या नाकात एकदम कोळशाचा आणि तापल्या लोखंडाचा वास भरला. पन्नास वर्षांमागचा.

“गोळी नव्हे, वजनाचंच हे,” त्या म्हणाल्या.

“ते तर सगळ्यांना कळलंय.”

“सगळ्यांना निम्मं कळलंय.” त्यांनी तुकडा टेबलावर आडवा ठेवून बोटानं ढकलला. नव्या खडूसारखा तो सरळ गडगडत गेला आणि वहीला अडून थांबला. ठशाची कडा त्यांनी भिंग लावून पाहिली. एक ओरखडा नव्हता. तुकडा परत रुमालात ठेवला. मग म्हणाल्या, “मला सगळे नऊ बघायचेत.”

लुंबिनी त्यांच्याकडं बघत राहिली.

“नऊच हायेत, हे मी तुम्हाला सांगितलंच न्हाई, बाई.”

२

सांगायची गरज नव्हती. ती नऊ वजनं धुरपताबाईंच्याच वडिलांच्या दुकानातून गेली होती.

ग्यानोबा पांचाळांचं दुकान मुरुडच्या पेठेत होतं. तराजू आणि वजनं दुरुस्त करायचा सरकारी परवाना चौकटीत घालून भिंतीला लावलेला. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं ओतून वजन काटेकोर भरायचं आणि मग निरीक्षक साहेबानं येऊन त्या शिशावर ठसा मारायचा. हे ग्यानोबा, धुरपताचे बापू, डावखुरे होते. डाव्या हातानं पळी कलती केली की शिसं दुधासारखं उतरायचं. “लोखंड खोटं बोलतं गं,” ते म्हणायचे, “पोटातलं शिसं खरं बोलतं.” शेजारी बसून भाता ओढायला धुरपता. पहाटेचं छिन्नीचं तासकाम त्यांचं एकट्याचं. ती यायची ती शाळा सुटल्यावर, ओतायच्या वेळेला.

बहात्तरच्या भाद्रपदात बापू विषमज्वरानं अंथरुणाला खिळले, तरी दहा-दहा किलोची ती नऊ वजनं वेळेवर गेली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर धान्य वाटायचं केंद्र होतं, तिथं. पंढरी तिथला मापाडी. मार्गशीर्ष सरता सरता तपासणी झाली, तेव्हा वजनांच्या बुडाची भोकं रिकामी. प्रत्येक वजन दीडशे-दोनशे ग्रॅमनं हलकं. म्हणजे उपाशी माणसाच्या पदरात दर मापाला ओंजळभर ज्वारी कमी. पंढरीचं काम गेलं. खटला उभा राहिला नाही, पण त्याची गरज कुणालाच पडली नाही. शिसंचोर हे नाव त्याच्या लेकरांच्या हजेरीपटापर्यंत गेलं.

सतरा वर्षांच्या धुरपतानंही ते मानलं होतं. बापूंचं काम त्यानं नासवलं म्हणून तिला रागच आला होता. पुढल्या वर्षी पाऊस पडला तसा बापूंनी परवाना परत केला, भट्टी मोडली, आणि तिला म्हणाले, “शिसं पुरे झालं. तू खडू धर.”

आता त्या मुरुडमध्ये पंढरीच्या ओसरीवर बसल्या होत्या. लुंबिनीनं दार उघडायला लावलं होतं.

“जय भीम, सरजाबाई.”

“जय भीम. या.” सरजाबाई निरखून म्हणाली, “तुम्ही ग्यानोबा मिस्त्रीची लेक न्हवं? भाता वढायच्या. मी पाणी आणाया जायची तवा दिसायच्या. काय काळ्याकुट्ट व्हायच्या वो!”

“अजून तशीच आहे. पावडरीनं काही फरक पडत नाही.”

सरजाबाईच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तेवढ्यात लुंबिनीनं चहाबरोबर भाकरी पुढं सरकवली. म्हातारीनं नकळत तुकडा मोडला.

“काम गेलं त्या दिवशी पंढरी काय म्हणाले, आठवतं?”

“रोजच म्हणायचे, न आठवायला काय झालं! म्हणले, ‘सरजे, मी माझा पुरावा एका मानसाच्या हातात देऊन आलोय. तो बोलंल.’ पहिल्या वर्षी म्हणायचे, आज बोलंल. मग म्हणायचे, पाऊस पडला की बोलंल. मग म्हणायचंच सोडलं.”

“कोण तो माणूस?”

“नाव न्हाई घेतलं. म्हणायचे, पुरावा गेला हातचा, आता नाव घेतलं तर लोक म्हणतील सोता केलं अन् दुसऱ्यावर ढकलतो.” सरजाबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “मला वाटतं, भुजंग कारकून. त्यानंच तर साक्ष दिली इरोधात. नांदेडला लेकाकडं ऱ्हातो. जित्ता हाय अजून. अशी मानसं टिकत्यात.”

३

भुजंगराव टिकले होते खरे. नांदेडमध्ये गोदावरीकडच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतल्या खुर्चीत, कानटोपी घालून. वय त्र्याऐंशी. केंद्रावर तेव्हा गोदामाची किल्ली यांच्याकडं असायची.

“या, मास्तरीणबाई. मला धरायला आल्या का?” ते म्हणाले. “लवकर धरा. डॉक्टर म्हणतो, लई दिस न्हाईत.”

“पंढरीच्या विरोधात तुम्ही काय सांगितलं होतं?”

“जे बघितलं ते. शिसं त्याच्याजवळ होतं. उपरण्यात बांधून घेतलं त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत.”

“कुठून घेतलं? वजनातून उकरून?”

“छे! ढिगातून.” भुजंगरावांनी डोळे मिटले. “मिलो आठवती का तुम्हाला? ती तांबडी ज्वारी, परदेशातून आलेली. भाकरी थापली की तडकायची. जनावर तोंड लावायचं न्हाई, अन् आपण रांगा लावल्या. त्या ढिगात हात घालून तो वेचत होता. बाया तांदळातले खडे वेचतात ना, तसं. एक सापडला की बघायचा, दुसरा सापडला की बघायचा. तोंड असं झालं होतं, जसं काही विंचू सापडून राहिले.”

“हे तुम्ही साहेबांना सांगितलं?”

“साहेबानं इचारलं, शिसं त्याच्याजवळ होतं का? म्या म्हणलं, व्हतं. कागदावर तेवढंच आलं.” कानटोपी सारखी करत म्हणाले, “ज्यादा बोलायची सवय न्हवती तेव्हा. किल्ली माझ्याकडं होती ना. बोललो असतो तर बोट माझ्याकडं आलं असतं.”

धुरपताबाईंनी मनात पडताळून पाहिलं. चोर शिसं उकरतो, ढिगातून वेचत नाही. वेचतो तो, ज्याला ते पडलेलं सापडतं.

“मग तो कुठं गेला?”

“सायकलवर टांग टाकली अन् पेठेकडं गेला.”

“विकायला? भंगारवाल्याकडं?”

भुजंगरावांनी डोळे उघडले. पिकलेल्या भुवयांखालून त्यांनी धुरपताबाईंकडं असं पाहिलं, की बाईंना आपली छत्री घेऊन उठावंसं वाटलं.

“त्या वर्षी पेठेत भंगारवाला कुठला, बाई! शिशाशी संबंध असलेलं एकच दुकान होतं तिथं. तुमच्या वडलांचं.”

४

चाकूरच्या स्टँडवर भागवत मोटरसायकल घेऊन उभा होता. मागं यंत्र बांधलेलं, लांब दांड्याचं, खाली ताटाएवढी चकती.

“मावशी, सैन्यात यानं पीं केलं की पळायचं असायचं,” तो म्हणाला. “इथं पीं केलं की खणायचं. एवढाच फरक. नव्वद टक्के तर बाटलीची झाकणंच निघतात.”

“डबा कुणाच्या शेतात सापडला?”

“मारोती पांचाळांच्या. त्यांच्या सुनेची, ऋतुजाची, मंगळसूत्राची वाटी पडली होती. दिवसभर शेत पालथं घातलं. वाटी घरात धुण्याच्या दगडाखाली निघाली अन् शेतात हा डबा!” तो हसला, मग थांबला. “काय झालं, मावशी?”

मारोती म्हणजे धुरपताबाईंचा मामेभाऊ. ते शेत म्हणजे त्यांचं आजोळ.

“शेतात कुठं?”

“वेळाअमावस्येला शेतात जेवायला बसायला कडब्याची कोप घालतात ना, त्या जागेमागं. लिंबाच्या बुडाशी. दीड हात खोल. तलाठ्याला दाखवलं मी रीतसर. तो हसला, म्हणाला, घेऊन जा हे.”

भागवतच्या ओसरीवर त्यांनी डबा मांडीवर घेतला. हिरवा पडलेला पितळी डबा, कडेला एक पोचा. भांड्यावर नाव घातलेलं असतं, तिथं नाव नव्हतं. कानशीनं घासून काढल्याच्या बारीक रेघा होत्या. झाकणाची फट शिसं ओतून बंद केलेली, भागवतनं ती फोडून उघडलेली. शिशाचं कडं सबंध फिरून जिथं संपलं होतं, तिथं पळी उचलताना राहिलेली शेपटी होती. उजव्या हाताच्या उलट बाजूला वळलेली, डावखुऱ्याची.

पोच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. आई आयुष्यभर कुरकुरत राहिली होती, ‘माझा आंबिलीचा डबा चाकूरलाच गेला गं, कुणीतरी ढापला.’ ढापला नव्हता. तपासणीमागोमाग, त्र्याहत्तर साल लागताच आलेली वेळाअमावस्या नावालाच झाली होती. शेतात ज्वारीचं ताट उभं नव्हतं, कोप घालायला कडबा नव्हता. तरी बापू तो डबा फडक्यात बांधून एकटेच चाकूरला आले होते. आणि पुढं मरेपर्यंत, दर वेळाअमावस्येला, सगळे डाळी-भाज्यांची भज्जी आणि भाकरी घेऊन बसले की बापू उठायचे, लिंबाच्या बुडाशी आंबील सोडायचे आणि तिथं खाली मान घालून बसायचे. पोरींना वाटायचं, देव आहे तिथं.

“सापडलं का काही, मावशी?” भागवतनं विचारलं.

“सापडलं,” त्या म्हणाल्या. “पण अजून एक राहिलंय. बापूंनी पुरलं कुणासाठी, ते.”

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी नऊ तुकडे ओच्यात घेतले आणि एकेक मुठीत धरला. सरळ. नऊच्या नऊ सरळ, गुळगुळीत. अहमदपूर कधी आलं आणि गेलं, त्यांना कळलं नाही. त्या लातूरच्या उलट दिशेच्या गाडीत बसल्या होत्या.

५

वेळाअमावस्येला मारोतीच्या शेतात हरभरा फुलावर होता आणि कडब्याची कोप उभी होती. धुरपताबाईंनी आग्रह करून सरजाबाई, लुंबिनी आणि भागवत यांना जेवायला आणलं होतं. स्वतः येताना रिक्षातून दाराचं ते दहा किलोचं वजन आणलं होतं.

“आक्का, लोक भाकरी आणतात,” मारोती म्हणाला, “तू लोखंड घेऊन आली!”

“भाकरी तुझी, लोखंड माझं. बसा सगळे.”

त्यांनी वजन उलटं केलं. बुडाच्या भोकात शिसं होतं, चकचकीत, घट्ट. “हे बापूंनी ओतलेलं. साल सत्तर. भागवत, तुझी ताकद लाव. काढ.”

भागवतनं खिळा लावला, दगडानं ठोकलं, घाम गाळला. शिशाचे कपचे निघाले, बूच हललं नाही.

“निघणारच नाही. बापू पहाटे वाकडी छिन्नी घेऊन भोक आतून कोरायचे. तोंड लहान, पोट मोठं, रांजणासारखं. शिसं आत जाऊन फुगतं, मग ते काढायचं तर फोडूनच काढावं लागतं.” त्यांनी ओच्यातले नऊ तुकडे पाटावर ओतले. ते गडगडत पसरले. “आता ही बघा. पोट नाही, मान नाही. ठसा जशाचा तसा, कडेला एक ओरखडा नाही. ही कुणी काढली नाहीत. निवताना शिसं आकसतं, आणि मापात वजन दिवसभर आपटतं. दोन-तीन महिन्यांत सुटली आणि ज्वारीच्या ढिगात पडली. पंढरींनी ती ढिगातून वेचली. चोरी झालीच नव्हती.”

सरजाबाई पाटावर वाकली.

“मग नीट ओतलं का न्हाई?” सरजाबाईनं विचारलं. “ग्यानोबा मिस्त्री तर नामी कारागीर.”

“ठशावर तिमाही तिसरी आहे. भाद्रपद. बापू तापात होते. दुकानात दुसरा कारागीर नव्हता.” त्यांनी हात पाटावर ठेवले. “मी ओतली. मला ओतणं बघून माहीत होतं, पहाटे कोरतात ते माहीत नव्हतं. भोक दिसलं, भरलं. साहेबानं तोललं, बरोबर भरलं, ठसा मारला. मला वाटलं, जमलं मला.”

लुंबिनीनं आजीचा हात धरला.

“पंढरींनी हे तुकडे आणून बापूंच्या हातात दिले. बापूंना बघताक्षणी कळलं असणार. पण परवान्यावर पोरीनं काम केलं म्हटलं तर परवाना जातो, आणि दुष्काळात घरात पाच तोंडं. उद्या बोलतो म्हणाले असतील. त्या उद्याला त्यांनी आईच्या डब्यात घातलं, नाव घासलं, शिसं ओतून झाकण बंद केलं आणि इथं पुरलं. टाकून द्यायचं धाडस झालं नाही, सांगायचंही झालं नाही.”

मारोती ताडकन उठला. “आक्का, सणाच्या दिशी मेलेल्या मानसाची अब्रू काढती का? सोताच्या बापाची?”

“मेलेली माणसं दोन आहेत, मारोती. एकाची पन्नास वर्षं निघतच आहे.”

त्यानं चपला पायांत घातल्या. मग कोपीबाहेर जाऊन बांधावर बसला. सुनेनं, ऋतुजानं, मात्र भज्जीची वाटी सरजाबाईच्या ताटाशी सरकवली.

सरजाबाईनं एक तुकडा उचलून तळहातावर झुलवला. “एवढंसंच व्हतं व्हय ते?” ती म्हणाली. “मला वाटायचं, लई मोठं असंल.” मग विचारलं, “तुमचं वय काय व्हतं तवा?”

“सतरा.”

“माझं एकोणीस. पोटात ह्या लुंबिनीचा बाप.” ती लिंबाच्या बुडाशी खणलेल्या खड्ड्याकडं बघत राहिली. “लेकराला म्या बोल लावीत न्हाई. तुमच्या बापाला लावते. आज लावते, उद्याबी लावीन. हितं येऊन आंबील सांडीत बसला. चार कोसांवर माझं दार व्हतं काय? मुरुडातच व्हतं, पेठेच्या मागं.”

“लावा,” धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. “मीही लावते. पण मला ते आठवतात, पळी कलती करताना. दोन्ही एकदमच आठवतं.”

“आठवू द्या. मलाबी ते सायकलीवर टांग टाकताना आठवत्यात.”

भागवतनं हळूच विचारलं, “मावशी, त्या ग्रुपवर काय लिहू?”

“मी सांगते ते लिही. माझ्या नावानं. बापूंचंही नाव घाल.”

तो लिहीत असताना सरजाबाईनं आठ तुकडे वेचून पदराच्या गाठीत बांधले, जसे पंढरीनं उपरण्यात बांधले असतील. नववा तिनं धुरपताबाईंच्या हातात ठेवून मूठ मिटवली.

“ह्यो तुमच्याकडं. पेटीत न्हाई ठेवायचा. दारापाशी ठेवा, त्या वजनावर. येणाऱ्यानं इचारलं, ह्ये काय, तर सांगायचं. समदं सांगायचं.”

“सांगेन.”

“मग जेवा आता. भज्जी गार होती.” आणि पन्नास वर्षं उपाशी असल्यासारखी सरजाबाई जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला केवळाबाई आली. दाराशी वजन होतं, वजनावर करडं काहीतरी. तिनं वाकून पाहिलं.

“हे काय वो बाई, गोळी का काय म्हणायची?”

धुरपताबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि पाट पुढं ओढला.

“टेक थोडी,” त्या म्हणाल्या. “आमच्या बापूंची गोष्ट आहे, आणि पंढरी नावाच्या एका खऱ्या माणसाची.”